विंडोजलाच एवढे व्हायरस का लागतात, लिनक्स आणि मॅकला का नाही?

तुम्ही विचारलंय की विंडोजमध्येच सारखे व्हायरस का येतात आणि मित्र म्हणतोय लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी दुसरी सिस्टीम) टाक, अँटीव्हायरसची कटकटच नाही, तर ते खरं का. माझं सोलापुरात नवी पेठेजवळ डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, पोरांचे प्रोजेक्ट असली कामं आणि जोडीला थोडं रिपेरिंग. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस पेनड्राइव्ह हाताखालून जातात, त्यामुळं डिग्री नसली तरी व्हायरस बघितलेत भरपूर.

पहिलं कारण सगळेच सांगतात, विंडोज जास्त लोक वापरतात म्हणून. ते खरंच आहे, डेस्कटॉप-लॅपटॉपमधले दहातले साधारण सात विंडोजवर चालतात, आणि खिसेकापू गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत येणार का रिकाम्या मैदानात येणार. पण मला हे अर्धंच उत्तर वाटतं, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर आहेत आणि खरा माल तर तिथंच आहे की. त्यांच्यावर हल्ले होतात, नाही असं नाही, पण पेनड्राइव्ह लावला आणि घरभर पसरलं असला प्रकार तिथं सहसा दिसत नाही.

मला हे कळलं ते एका पेनड्राइव्हमुळं. एक्सपीचा जमाना होता, एक काका मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले, पेनड्राइव्हमध्ये 'पत्रिका' नावाचं फोल्डर, पिवळं, नेहमीसारखं. डबल क्लिक केलं, उघडलं पण, मजकूर पण आत होता. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या तिन्ही मशीनवर प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर आणि टास्क मॅनेजर उघडायला तयार नाही. घरी एका जुन्या मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलेलं होतं, हौस म्हणून, तिथं तोच पेनड्राइव्ह लावला तर सगळं उघडं पडलं. 'पत्रिका' नावाचं खरं फोल्डर होतं, पण विंडोजला दिसू नये म्हणून त्याला हिडन करून ठेवलेलं, आणि मी ज्याच्यावर क्लिक केलं ती होती 'पत्रिका डॉट ईएक्सई', म्हणजे चालणारा प्रोग्राम, फोल्डरचा आयकॉन चिकटवलेली. शेजारी ऑटोरन डॉट आयएनएफ. विंडोज तेव्हाही आणि आजही फाईलचं शेपूट (एक्स्टेंशन) आपणहून लपवून ठेवतं, म्हणून मला ते ईएक्सई दिसलंच नाही. सन २००० मधला आय लव्ह यू व्हायरस याच युक्तीवर जगभर फिरला, नाव टेक्स्ट फाईलचं आणि पुढं लपलेलं व्हीबीएस, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट. आणि ऑटोरन म्हणजे तर पेनड्राइव्ह लावला की आतलं आपोआप चालू करायची सोय, मायक्रोसॉफ्टनं ती एक्सपी-व्हिस्टामध्ये पेनड्राइव्हपुरती बंद केली २०११ ला, तोवर कॉनफिकर व्हायरसनं धुमाकूळ घालून झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे मालक कोण. एक्सपी टाकलं की जो युजर बनायचा तो थेट ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मी जे चालवीन त्याला सगळ्या घराच्या किल्ल्या. लिनक्समध्ये रोजचा युजर वेगळा आणि रूट, म्हणजे तिथला ॲडमिनिस्ट्रेटर, वेगळा, सिस्टीमला हात लावायचा तर पासवर्ड मागणार, आणि नेटवरून उतरवलेली फाईल 'ही चालवायची आहे' असं तुम्ही सांगितल्याशिवाय प्रोग्राम म्हणून चालतच नाही. विंडोजनं व्हिस्टापासून ती परवानगीची खिडकी आणली, पण आपण ती न वाचता येस दाबतो. आणि एक सांगू का, तुमचे फोटो आणि फायली लॉक करायला ॲडमिन लागतच नाही, त्या तुमच्याच नावावर असतात, त्यामुळं फायली लॉक करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपुढं ही भिंत तशी बुटकी आहे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक सॉफ्टवेअर कुठून येतं याचा आहे. लिनक्सवाला एका ठरलेल्या भांडारातून घेतो, तिथल्या पॅकेजवर डिजिटल सही असते आणि एका कमांडमध्ये सगळं अपडेट. आपल्याकडं विंडोजच मुळात क्रॅक, म्हणजे पैसे न देता कुलूप तोडून चालवलेलं, वर डिझाइनचं कोरल क्रॅक, आणि क्रॅकच्या फाईलमध्ये पहिली ओळ काय तर 'आधी अँटीव्हायरस बंद करा', आणि आपण करतो पण ओ! अपडेट बंद, कारण केलं की 'ओरिजिनल नाही' असा मेसेज येतो. मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आलं तेव्हा ते ज्या भोकातून शिरलं त्याचं ठिगळ, म्हणजे अपडेट, मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी लावलं ते वाचले.

मॅकचं म्हणाल तर तेही काही सोवळ्यातलं नाही, २०१२ ला फ्लॅशबॅक व्हायरसनं सहा लाखांच्या आसपास मॅक धरले होते, जावाच्या भोकातून. लिनक्सवर २०१६ चा मिराय आला, तो कॅमेरे आणि राउटरमध्ये कंपनीनं दिलेला पासवर्ड टाकून घुसायचा, म्हणजे तुमच्या दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डब्याचा पासवर्ड अजून ॲडमिन-ॲडमिन असेल तर आजच बदला. आणि अँड्रॉइड पण आतून लिनक्सच आहे बरं का, तरी हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवायची, फाईल येते आणि लोक 'अनोळखी ॲपला परवानगी द्या' ला हो म्हणून बसतात. आमच्याच धंद्याच्या नावावर, बोला. पत्रिका आम्ही पीडीएफ किंवा जेपीजीच पाठवतो, एपीके कधीच नाही.

आता तुम्ही काय करायचं. नुसतं नेट, मेल, पिक्चर बघणं एवढंच काम असेल तर मित्राचं ऐका, लिनक्स मिंट टाका. टॅली, कोरल, श्रीलिपी लागत असेल तर विंडोजवरच राहा, पण रोजच्यासाठी साधं स्टँडर्ड अकाउंट बनवा, अपडेट चालू ठेवा, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद करू नका आणि फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन एक्स्टेंशन दिसतील असं करा, दोन मिनिटांचं काम आहे. मी स्वतः गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी काउंटरवरच्या मिंटच्या मशीनला लावतो, तिथं क्लॅमएव्ही नावाचं अँटीव्हायरस पण टाकलंय, त्या मशीनसाठी नाही, तोच पेनड्राइव्ह घेऊन गिऱ्हाईक पुढं शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं जातं म्हणून.