ही घरात आहे हे कळतच नाही

"मॅडम, तिला परत बोलावून घेऊ का?"

मी समुपदेशक. फोन न्यू जर्सीहून होता, एका आईचा. शहर कधी माद्रिद असतं, कधी सालामांका, कधी ग्रानादा, प्रश्न मात्र ठरलेला. अमेरिकेत वाढलेलं मराठी घरातलं मूल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एका सेमिस्टरसाठी स्पेनला जातं. पहिले पंधरा दिवस घरच्या ग्रुपवर नुसते फोटो. मग फोटो आटतात आणि रोज रात्री रडवेला आवाज ऐकू येऊ लागतो. "इतकं सुंदर शहर, इतके पैसे भरलेत, सगळ्यांना मजा येतेय, मग मलाच काय झालंय?" हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. ओळख लागू नये म्हणून तपशील फिरवले आहेत आणि आठ भेटी दोन-चार संवादांत बसवल्या आहेत.

मुलगी वीस वर्षांची. आईवडील मूळ साताऱ्याकडचे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सेवियाला, म्हणजे इंग्रजीतल्या सेव्हिलला, पोचली. नदीपलीकडच्या लोस रेमेदिओस भागात एका साठीच्या सेन्योराकडे, म्हणजे तिथल्या बाईंकडे, राहायला. तीन वेळचं जेवण तिथेच. सान तेल्मो पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चाललं की विद्यापीठ. इमारत अठराव्या शतकातल्या तंबाखूच्या कारखान्याची. रस्त्याकडेला नारिंगांनी लगडलेली झाडं, खायला जाल तर कडू. हे सगळं तिने व्हिडिओ कॉलवरच्या पहिल्याच भेटीत मला न अडखळता सांगितलं, गाइडने सांगावं तसं. सहा आठवडे झाले होते. सेन्योराबद्दल विचारलं तर म्हणाली, "शी इज नाइस."

आधी मी नेहमीची चाचपणी करते. झोप कशी आहे, जेवण जातं का, वर्गाला जातेस का, जीव नकोसा वाटतो का. झोप आणि जेवण उशिराचं होतं, पण होतं. तीनला जेवण आणि रात्री दहाला पुन्हा जेवण, हे अमेरिकेतून आलेल्यांना पहिला महिनाभर जडच जातं. यात स्पॅनिश लोकांचा आळस वगैरे नाही, दोष घड्याळाचा आहे. स्पेनने 1940 साली बर्लिनची वेळ धरली ती आजतागायत तशीच. सेविया तर लंडनच्याही पश्चिमेला. हिवाळ्यात तिथे सूर्य माथ्यावर येतो तोच दीडच्या सुमारास. म्हणजे तीनचं जेवण सूर्याच्या हिशोबाने आपलं दीडचं, आणि दहाचं साडेआठचं. इतकं समजलं तरी पोटाची कुरकुर निम्मी होते.

मार्कांचीही धास्ती होती. पहिल्या निबंधाला दहापैकी 7 मिळाले म्हणून ती दोन दिवस कुढत होती. अमेरिकेत सत्तर टक्के म्हणजे काठावरचे. स्पेनमध्ये 5 ला पास, 7 ला 'नोताब्ले' म्हणजे चांगलं, 9 च्या पुढे उत्तम. ही गाठ पाच मिनिटांत सुटली. खरी दुसरीकडेच होती.

"काल रात्री जेवण झाल्यावर काय केलंस?"

"प्लेट सिंकमध्ये ठेवली, ग्रासियास, म्हणजे थँक्यू, म्हटलं आणि रूममध्ये गेले."

"दार?"

"बंद केलं. त्यांना माझा त्रास नको."

"या आठवड्यात सेन्योराकडे काय काय मागितलंस?"

हा प्रश्न मी परक्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारते. अजून तरी तो वाया गेलेला नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली. मग जरा खुशीत, "उलट ती तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, 'नी से नोता के एस्ता.' म्हणजे ही घरात आहे हे कळतसुद्धा नाही."

हे वाक्य तिने सर्टिफिकेटासारखं जपून ठेवलं होतं. मी विचारलं, "साताऱ्याची आजी तुझ्याबद्दल असं म्हणाली असती तर?"

स्क्रीनवर ती एकदम गप्प झाली. मीही मध्ये बोलले नाही. अशा जागी समुपदेशकाने तोंड उघडलं की काम बिघडतं, हे मी फार चुका करून शिकले आहे. जवळपास मिनिटभराने ती म्हणाली, "आजी असं म्हणाली असती तर मी रडले असते."

"आजीकडे पाणी कसं मागतेस?"

"आजी, पाणी दे ना."

"प्लीज नाही म्हणत?"

"आजीला प्लीज कोण म्हणतं!"

मला त्या क्षणी जे लख्ख दिसलं ते असं. या मुलांच्या तोंडात मागण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक इंग्रजीची: आधी माफी, मग विनंती, मग आभार, आणि काम झालं की दार लावून घ्यायचं. दुसरी मराठी घरातली: 'जरा', 'ना', 'गं', आणि सरळ मागणं. स्पॅनिश बोलताना मुलं बिनदिक्कत पहिली उचलतात, कारण लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. वागण्याच्या रीतीत मात्र सेविया साताऱ्याच्या कितीतरी जवळ आहे. अमेरिकन मुलगा हॉटेलात 'पुएदो तेनेर उन काफे' म्हणतो, इंग्रजीतल्या 'मला कॉफी मिळू शकेल का'चं शब्दशः भाषांतर. सेवियातला माणूस म्हणतो, 'मे पोनेस उन काफे?' म्हणजे, मला एक कॉफी देतोस? यात कोणाला उद्धटपणा वाटत नाही. घरात तर दर वाक्यामागे ग्रासियास म्हणणारं मूल पाहुणं वाटतं, आणि पाहुण्याला कोणी कांदा चिरायला बसवत नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे मनातले हट्टी नियम शोधून तपासणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीत, तयार झाले, त्यामुळे माझा कान आधी वाक्यातल्या 'च'वर जातो. 'मी कुणाला त्रास देताच कामा नये.' हा नियम तिला कोणी घालून दिला नव्हता, तो तिने स्वतःच केला होता आणि काटेकोरपणे पाळला होता. फळ असं की घरातल्यांना वाटलं, हिला एकटं राहायला आवडतं, कशाला उगाच छेडा.

तिने सहज सांगितलेली एक गोष्ट मी पुन्हा नीट सांगायला लावली. सेवियातल्या पुष्कळ जुन्या घरांत सगळीकडे ऊब देणारी व्यवस्था नसते. फरशा गार. दिवसा बाहेर सोळा डिग्री असताना घरात स्वेटर लागतो. ऊब असते ती बैठकीच्या खोलीतल्या गोल टेबलाखाली. त्याला 'मेसा कामिया' म्हणतात. वरून जमिनीपर्यंत जाड कापड, खाली विजेची शेगडी. सगळे भोवती बसतात, कापड मांडीवर ओढून घेतात, पाय आत. टीव्ही, संत्री सोलणं, भांडणं, सगळं तिथे. घरातली ऊब आणि घरातली माणसं एकाच टेबलाशी, आणि ही मुलगी सहा आठवडे स्वतःच्या खोलीत जॅकेट घालून झोपत होती.

"तुला कोणी बस म्हणालं नाही?"

"पहिल्या दिवशी म्हणाली होती. मी 'नो, ग्रासियास' म्हटलं."

दुसऱ्यांदा आग्रह होईल अशी तिची अपेक्षाही नव्हती. समोरच्याचं 'नाही' आग्रहापुरतं आहे की खरं, हे कळायला आधी थोडी जवळीक लागते.

मग आम्ही कामाला लागलो. 'मन रमलं की बोलेन' हा क्रम मी उलटा करायला लावते. रोज एक मागणं, सेन्योराचं मिनिटभरसुद्धा मोडणार नाही इतकं लहान: मीठ, कात्री, बसचा नंबर, एखाद्या शब्दाचा अर्थ. रात्री जेवणानंतर टेबलाशी वीस मिनिटं, फोन खोलीत चार्जिंगला. तिकडे जेवणानंतर रेंगाळत बसण्याला 'सोब्रेमेसा' असा वेगळा शब्दच आहे, त्यात उठून जाणं चटकन नजरेत भरतं. झोपेपर्यंत खोलीचं दार अर्धं उघडं. आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार सेवियातच. स्वस्त विमानाने गुरुवारी रात्री लिस्बन, पुढच्या आठवड्यात रोम, असं तिने सहापैकी चार वेळा केलं होतं, ते सगळं अमेरिकन मैत्रिणींबरोबर इंग्रजीत. रविवारची दुपार हा तिथल्या कुटुंबाचा मुख्य दिवस. दुकानंही बहुतेक बंद. त्याच दिवशी तुम्ही विमानतळावर असाल तर ओळख कधी व्हायची?

पहिला प्रयत्न फसला. ती सातव्या मिनिटाला उठली. टीव्ही चालू, बहीण आलेली, दोघी एकदम बोलत होत्या. आंदालुसियात, म्हणजे सेविया ज्या प्रांतात आहे तिथे, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो' होतं. शाळेत माद्रिदचं किंवा मेक्सिकोचं स्पॅनिश शिकलेल्या मुलाला वाटतं आपली चार वर्षं पाण्यात गेली. मी तिला समजून घेण्याचं काम काढून टाकायला सांगितलं. वीस मिनिटांत एकच शब्द पकडायचा आणि तो काय म्हणून विचारायचा. बाकीच्या वेळात पाय शेकायचे.

चौथ्या दिवशी तिने ब्लँकेट मागायचं ठरवलं. वाक्य घोकून गेली, आणि सेन्योरासमोर घाईत इंग्रजी साच्यातून बाहेर पडलं, "सोय फ्रीआ." याचा अर्थ, मी थंड स्वभावाची आहे. खरं म्हणायचं होतं 'तेंगो फ्रीओ', मला थंडी वाजतेय.

सेन्योराने हातातलं काम ठेवलं. पुढचं वाक्य मुलीने मला स्पॅनिशमध्ये तीनदा म्हणून दाखवलं, तिच्या लकबीसकट. "नो, इहा. तू नो एरेस फ्रीआ. तू तिएनेस फ्रीओ." नाही गं पोरी, तू थंड नाहीस, तुला थंडी वाजतेय.

ब्लँकेट मुलीच्याच खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर होतं. सहा आठवडे.

पुढच्या भेटीत ती बोलत होती आणि मी नुसती ऐकत होते. मांसाहार ती करत नाही, आणि तोवर 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगत होती. यात हमखास फसगत होते: 'कार्ने' म्हटलं की अनेकांच्या मनात खामोन, म्हणजे ते वाळवलेलं हॅम, येतच नाही, ट्यूना तर नाहीच. मसूर शिजतात ते चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालून. 'नी खामोन, नी आतुन, नी काल्दो दे कार्ने', म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, मांसाचा रस्साही नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. हे सांगायला ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे पालक आणि काबुली चण्याची भाजी शिजत होती, सेवियाची खास. वास ओळखीचा आला. "के येवा?" यात काय काय आहे? लसूण, तळलेला पाव, पिमेंतोन म्हणजे तिथली लाल मिरचीपूड, आणि 'कोमिनो'. कोमिनो म्हणजे जिरं. तिने व्हिडिओ कॉलवर ती बरणी साताऱ्याला दाखवली, आजी आणि सेन्योरा एकमेकींना हात हलवत बसल्या, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसताना.

आता आईकडे वळते, कारण घरचे यात नकळत भर घालतात.

"तुम्ही तिला फोन कधी करता?"

"ऑफिस सुटल्यावर, चारला. गाडीत निवांत बोलता येतं."

न्यू जर्सीत चार म्हणजे सेवियात रात्रीचे दहा. रोज ऐन जेवणाच्या टेबलावरून मुलगी उठत होती, ती आईला 'मला इथे कोणी नाही' हे सांगायला! आईला हे सांगितलं तेव्हा त्यांना लागलं, पण त्यांनी ऐकलं. बुधवार आणि रविवार, सेवियाचे संध्याकाळचे आठ, म्हणजे त्यांची दुपारची सुट्टी. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे फरक सहाऐवजी पाच तासांचा होतो, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि 'मजा येतेय ना?' हा प्रश्न बंद. त्याऐवजी 'आज काय मागितलंस?'

परत बोलावण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सेमिस्टर अर्धवट सोडलं तर क्रेडिट आणि फीचा बराच भाग बुडतो, पण तो मुद्दा दुय्यम. दोन आठवडे झोप किंवा जेवण तुटलं असेल, वर्ग सुटले असतील, मरणाचे विचार येत असतील, तर मात्र मागणं-बिगणं बाजूला ठेवून त्याच दिवशी कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकाला गाठा. स्पेनमध्ये तातडीसाठी 112, आणि आत्महत्येच्या विचारांसाठी 024 ही वेगळी हेल्पलाइन आहे. घरात कोणी अपमान करत असेल, उपाशी ठेवत असेल, तर घर बदलून मागायचं. तशी सोय बहुतेक कार्यक्रमांत असते. यातलं काहीच नसेल तर चार आठवडे द्या.

या मुलीचंही सगळं गोड झालं असं नाही. रविवारी संध्याकाळी तिला अजून भरून यायचं. स्पॅनिश निबंधात पुन्हा 7 च. पण ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी सेवियाची फेरिया, म्हणजे जत्रा, भरते, तीही लोस रेमेदिओसलाच. मैदानावर हजारावर मांडव, बहुतेक खाजगी, आत जायला कोणाची तरी ओळख लागते. ओळख नसलेली परदेशी मुलं बाहेरच्या धुळीत फिरून परत येतात. तिला सेन्योराच्या बहिणीच्या मांडवात नेण्यात आलं, बहिणीचाच जुना पोलका डॉटचा झगा टाचून देऊन. टाचण्या टोचताहेत म्हणून तिने तक्रार केली, हे तिने मला मुद्दाम सांगितलं.

मे महिन्यात आईचा मेसेज आला. "मॅडम, बुधवारी आठला फोन केला तर म्हणते, नंतर बोलू, आम्ही बाहेर निघालोय. आता काय करू?"

मी लिहिलं, रविवारी करा.