आधी बूट, मग क्रॅम्पॉन. आणि यंदा दोन्ही भाड्याने

नाशिकहून एका वाचकाने विचारलं आहे: "वय 28, हातात येणारा पगार 54,000. घरी 15,000 देतो, एसआयपी 8,000, बाइकचा हप्ता 4,500. माझा स्वतःचा खर्च 18,000 च्या आसपास. अडीअडचणीसाठी 1,20,000 ची एफडी आहे. सात वर्षं सह्याद्रीत भटकतोय, येत्या जूनमध्ये पहिल्यांदाच ग्लेशियरवर जाणार: मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर. मोहिमेचे पैसे भरून झालेत. बूट 38,000 चे बघितलेत, रोख दिले तर दुकानदार 2,500 कमी करतोय. 12 टोकांचे ऑटोमॅटिक क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाच्या तळाला बसवायचे टोकदार सांगाडे) ऑनलाइन सूट धरून 14,000 ला आहेत, सूट रविवारपर्यंतच. भाड्याने घेतले तर मनालीत बुटांना दिवसाला 350 आणि क्रॅम्पॉनला 200 सांगतात. पुढच्या वर्षी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायचाय. एफडी मोडू, एसआयपी थांबवू, की 9 महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ?"

रविवारची मुदत आहे म्हणून आधी क्रॅम्पॉनबद्दल सांगतो. ते घेऊ नका. ऑटोमॅटिक क्रॅम्पॉनला पुढे तारेचा कमानीसारखा आकडा असतो आणि मागे खटका. तो आकडा बसायला बुटाच्या पुढच्या टोकाला आणि खटका अडकायला टाचेला, अशा दोन्हीकडे कडक खाचा लागतात. अशा बुटांना बी-3 म्हणतात. तुम्ही बघितलेल्या बुटांची जी माहिती पाठवली आहे, त्यात ते बी-2 आहेत, म्हणजे खाच फक्त टाचेला. त्यांना सेमी-ऑटोमॅटिक क्रॅम्पॉन लागतात: पुढे पट्ट्याची टोपली आणि मागे खटका. म्हणजे 52,000 खर्चून तुमच्या हातात एकमेकांना न बसणाऱ्या दोन वस्तू आल्या असत्या, आणि ते समजलं असतं मनालीत पोहोचल्यावर. आधी बूट ठरतात, मग त्या बुटांना बसतील असे क्रॅम्पॉन. सूट कितीही असली तरी हा क्रम उलटा करायचा नाही.

आता बूट. इथे तुमचं म्हणणं मला पटतं, कारण बूट भाड्याने घ्यायला लोक का कचरतात ते मला ठाऊक आहे. पाय तुमचा, साचा दुसऱ्याचा. टाच आत वर-खाली झाली की दोन तासांत फोड येतो, आणि शिखरासाठी मध्यरात्रीनंतर अंधारात निघायचं असतं तेव्हा त्या फोडाचं काही करता येत नाही. म्हणून "क्रॅम्पॉन भाड्याने, पण बूट स्वतःचे" हा जुन्या गिर्यारोहकांचा सल्ला रास्त आहे. फक्त तो अशा माणसासाठी आहे ज्याला पुढची चार वर्षं कुठल्या उंचीवर जायचं ते माहीत आहे. फ्रेंडशिप 5,289 मीटर. जूनमध्ये तिथे उबदार अस्तराचा एकेरी बी-2 बूट चालून जातो. उद्या तुम्हाला लडाखमधलं कांग यात्से-2 करावंसं वाटलं, तर ते 6,250 मीटर आहे, आणि त्या उंचीवर आतला बूट वेगळा निघणारे दुहेरी बूट लागतात. ग्लेशियर आवडतो की नाही, उंची सोसते की नाही, हे तुम्हाला जूनच्या शेवटी कळेल. 38,000 चा निर्णय त्याआधी कशाला करायचा?

दुसरं कारण तुमच्याच पत्रात आहे. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्सला बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स संस्थाच देते. म्हणजे यंदा विकत घेतलेले बूट आठवडाभर वापरून पुढच्या वर्षीही बहुधा कपाटातच राहणार. आणि हे बूट नुसते ठेवून टिकत नाहीत. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो आहे. 2014 मध्ये मी चांगले महागाचे बूट घेतले, एकच मोहीम केली, धुऊनपुसून खोक्यात घालून डोंबिवलीच्या घरात माळ्यावर ठेवले. सात वर्षांनी काढले तेव्हा वरचं चामडं कोरं करकरीत होतं. चालायला लागल्यावर तासाभरात डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला. बोटाने दाबलं तर आतला थर ओल्या खारी बिस्किटासारखा भुगा होऊन हातात आला. तो मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा शोषून तो आतल्या आत विरत जातो, आणि वापरात नसलेल्या बुटांचंही तसंच होतं. तुमचं नाशिक डोंबिवलीपेक्षा कोरडं, पण चार महिने पाऊस तिथेही आहेच. कमी वापराची, पडून खराब होणारी वस्तू विकत घेणं पैशाच्या हिशोबात सगळ्यात महाग पडतं.

हिशोब मांडू. सात दिवसांचं दोन्हीचं भाडं 3,850. विकत 52,000. त्या रकमेत अशा तेरा मोहिमा भाड्यावर होतात.

पैसे कुठून काढायचे, हा तुमचा मूळ प्रश्न. एफडी मोडायची नाही. एसआयपी सोडून तुमचा दरमहा खर्च 37,500 आहे, म्हणजे 1,20,000 मध्ये जेमतेम तीन महिने निघतात. त्यातून 52,000 गेले तर दोन महिनेही निघणार नाहीत, आणि तेही तुम्ही डोंगरात जखमी होण्याची शक्यता असलेल्या वर्षात. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज दिसत नाही, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते, शिवाय रोखीचे 2,500 जातात. हप्ता बसेल 5,778 चा. आज तुमच्या हातात महिन्याला 8,500 उरतात, त्यातले 2,700 राहतील. एसआयपी तीन-चार महिने थांबवणं या तिघांत कमी वाईट. पण त्याचीही गरज नाही.

कारण तुमचा खरा मोठा खर्च तुम्ही पत्रात धरलेलाच नाही: रजा. बेसिक कोर्स 28 दिवसांचा. नाशिक ते उत्तरकाशी जायचे-यायचे चार दिवस धरा. बत्तीस दिवसांत कामाचे तेवीस दिवस जातात. तुमच्या खात्यात वर्षाची 14 रजा असेल तर नऊ दिवस बिनपगारी, दिवसाला 1,800 धरले तरी 16,200 गेले. मधले शनिवार-रविवारही रजेत मोजणारी कंपनी असेल तर आकडा वाढतो. त्यावर कोर्सची फी आणि प्रवास. हा पैसा तुम्हाला गिर्यारोहक करणार आहे. अ‍ॅडव्हान्स कोर्सला बेसिकमध्ये 'ए' श्रेणी लागते, आणि ती मिळते तेव्हा पुढचा रस्ता उघडतो. म्हणून जुलैपासून 4,000 ची आरडी सुरू करा आणि एचआरशी रजेचं आत्ताच बोलून ठेवा. कोर्सच्या जागा काही महिने आधीच भरतात, त्यामुळे तारीख ठरली की लगेच अर्ज.

आत्ता विकत काय घ्यायचं? जे दुसऱ्याच्या अंगावरचं घेता येत नाही ते: लोकरीचे दोन जोड मोजे, आतले-बाहेरचे हातमोजे, आणि कॅटेगरी 4 चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा गॉगल. बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात ते एका दुपारीत, त्यामुळे गॉगलवर हात आखडू नका. मात्र तो घालून बाइक चालवायची नाही, रस्त्यासाठी तो फार काळा असतो. हे सगळं मिळून आठ-नऊ हजारांत बसवा, तेवढे तुमच्या महिन्याच्या शिलकीतून निघतात.

आणि एक खर्च मी आग्रहाने सांगतो: मनालीत एक दिवस आधी पोहोचा. उंचीची सवय व्हायलाही तो उपयोगी पडतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तुमचेच मोजे घालून बूट चढवा. दुकानाच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे आपटला तर मोठं माप मागा, चढताना टाच उचलली गेली तर दुसरी जोडी. तळाचा मधला थर नखाने दाबून बघा, भेगा पडल्या असतील तर तो बूट परत. मग त्याच बुटावर क्रॅम्पॉन बसवायला लावा, मधली पट्टी मापाला लावून घ्या, खटका 'खट्' असा जोर लावूनच बसला पाहिजे. पट्टा न आवळता बूट हातात धरून जोरात हलवा, क्रॅम्पॉन जागचा हलता कामा नये. खाली रबराची किंवा प्लास्टिकची पाटी आहे का पाहा. ती नसली की दुपारच्या मऊ बर्फाचे गोळे तळाला चिकटतात आणि टोकं बर्फात रुततच नाहीत. शेवटी हे सगळं हातमोजे घालून स्वतः दोनदा काढा-घाला.

पायच इतका रुंद असेल की दुकानातली एकही जोडी बसत नाही, तर माझं उत्तर बदलेल: मग बूट विकत घ्या, फक्त बूट, आणि तेवढ्यापुरती एसआयपी चार महिने थांबवा.

आरोग्य विम्याचं एक. पॉलिसीत 'एक्सक्लूजन 09' म्हणून साहसी खेळांची अट असते, त्यात गिर्यारोहणाचं नाव आहे. ती अट व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे, तरी ती तुम्हाला लागू नाही हे तुमच्या विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, आणि डोंगरातून खाली आणण्याचा खर्च कोण देणार हे मोहिमेच्या आयोजकांना विचारा.

आज रात्री कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रूपरेषा काढा, लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा आणि भाड्याच्या दुकानाला व्हॉट्सअ‍ॅप करा. हंगामात चालू मापाचे बूट आधी उचलले जातात, तेव्हा थोडा अ‍ॅडव्हान्स देऊन दोन लगतची मापं राखून ठेवायला सांगा.