पडण्याआधी काय झाले, ते विचार

सप्रेम आशीर्वाद.

१०८ च्या रुग्णवाहिकेवर गोव्याच्या सत्तरी भागात तुझी नेमणूक झाल्याचे समजले. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात किंवा न्हाणीघरात म्हातारे माणूस पडल्याचे फोन तुला येतील. त्यांतील काहींचे हृदय आधीच कमकुवत झालेले असेल, म्हणून मुद्दाम त्यांच्याविषयी लिहितो.

श्वास, रक्तस्राव आणि शुद्ध तपासून झाली की पडण्याआधी काय झाले, ते विचार. पाय घसरला, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, की काहीच न कळता आजी कोसळल्या? पहिल्या प्रकारात निसरडी फरशी कारण असू शकते. दुसऱ्यात लघवीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी दाब उतरलेला असू शकतो. तिसऱ्यात हृदयाची लय बिघडल्याची शंका धरून ईसीजी काढलाच पाहिजे. रक्तातील साखर तिन्ही प्रकारांत तपास.

नाडीवर विसंबू नकोस. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आत रक्तस्राव होत असूनही नाडी ७० च्या आसपास राहू शकते. वरचा रक्तदाब ११० दिसला, तरी त्यांचा नेहमीचा दाब किती असतो ते घरच्यांना विचारल्याशिवाय निश्चिंत होऊ नये, कारण एरवी १५० असणाऱ्याला तो कमी आहे आणि हृदय फार कमकुवत असलेल्या एखाद्याला तो रोजचाच असू शकतो.

खरी कसोटी रुग्णाला झोपवताना लागते. पाय आखूड होऊन बाहेर वळलेला असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचे समजून पाय हलू न देणे भाग असते; पण हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला सपाट झोपवले की फुप्फुसांत पाणी साचून धाप वाढू शकते. मणक्याच्या दुखापतीची शंका असेल, तर कण्याची रेषा न मोडता संपूर्ण स्ट्रेचरच डोक्याकडून उंच कर. ती शंका नसेल, तर पाठ सोसेल तेवढी वर घे.

घरची माणसे ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरतील. त्यांची काळजी खरी असते, त्यांना तोडून बोलू नकोस. दाब खरोखर उतरला असेल, तर एका वेळी २५० मिलीपर्यंतच दे आणि प्रत्येक वेळी फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचा आवाज येतो का, ते ऐकून पुढचे ठरव.

रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजोबांच्या डोक्याला मार लागला असेल, तर ते कितीही ‘मला काही झालेले नाही’ म्हणाले तरी त्यांना समजावून रुग्णालयात ने. मेंदूतील रक्तस्राव काही तासांनंतरही उघड होऊ शकतो. मुले परदेशी असल्याने एकटे राहणाऱ्यांपाशी रात्री लक्ष ठेवायला कोणी नसते, हेही ध्यानात घे.

गोळ्यांची पिशवी सोबत घे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात रुग्ण सोपवताना ते जमिनीवर किती वेळ पडून होते आणि शेवटची गोळी केव्हा घेतली, हे डॉक्टरांना तोंडी सांग आणि कागदावरही लिहून दे.