कम्युनिटी कॉलेजच्या संघांचा हिशेब

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या तुझ्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजच्या, लेखा विभागात रुजू होऊन वर्ष व्हायच्या आत क्रीडा विभागाचे अंदाजपत्रक तुझ्याकडे सोपवण्यात आले, हे वाचून फार आनंद झाला. सॉफ्टबॉलचा संघ बंद केला तर किती पैसे वाचतील, हा डीनबाईंनी तुला विचारलेला प्रश्न वरवर सोपा दिसतो, कारण संघाचा खर्च कागदावर तयारच असतो. पण खर्चाचा तो आकडा म्हणजे बचतीचा आकडा नव्हे. माझी सारी नोकरी अशाच एका कॉलेजच्या हिशेबात गेली, म्हणून याविषयी जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांचे अर्थकारण आधी डोक्यातून काढून टाक. त्यांना प्रक्षेपणाच्या हक्कांचे पैसे मिळतात. आपल्याकडे सामन्याच्या तिकिटांतून अनेकदा पंचांचे मानधनही सुटत नाही. कॅन्ससमधल्या हचिन्सनसारखी गावे आहेत, जिथे 1949 पासून ज्युनियर कॉलेजांची, म्हणजे अशाच दोन वर्षांच्या कॉलेजांची, राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरते आणि सगळे गाव तिला आपली मानते, पण ती अपवादात्मक. एरवी संघाचा खर्च कॉलेजच्या जनरल फंडातून (सर्वसाधारण निधीतून), विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून आणि थोडाफार देणग्यांतून भागवला जातो. मग कॉलेजे संघ ठेवतात कशाला? त्याचे आर्थिक उत्तर प्रवेशसंख्येत आहे. कम्युनिटी कॉलेजातले सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, तर खेळाडूला मैदानावर उतरण्यासाठी पूर्णवेळ, म्हणजे सत्रात किमान 12 क्रेडिटसाठी, नाव नोंदवावे लागते. राज्याचे अनुदान जिथे पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मापाने मोजले जाते, तिथे एक खेळाडू दोन-तीन अर्धवेळ विद्यार्थ्यांच्या बरोबरीचा ठरतो.

कोचही हाच मुद्दा घेऊन तुझ्याकडे येतील, आणि तुझी खरी कसोटी तिथेच आहे. समज, सॉफ्टबॉल संघाचा वर्षाचा खर्च 90,000 डॉलर आहे, संघात 20 मुली आहेत, आणि एका पूर्णवेळ विद्यार्थिनीमागे ट्यूशन (शिक्षणाची फी) व अनुदान मिळून कॉलेजला 8,000 डॉलर येतात. कोच 1,60,000 डॉलरचे उत्पन्न दाखवून संघ नफ्यात असल्याचे सांगतील. तू यादीतली एकेक मुलगी घेऊन विचार, की संघ नसता तर ही इथे आली असती का? समज, नऊ जणी जवळच राहतात आणि नर्सिंगच्या पूर्वतयारीसाठी त्या एरवीही आल्याच असत्या. उरल्या अकरा, आणि त्यांचे होतात 88,000 डॉलर. त्यातूनही त्यांना शिकवण्याचा खर्च वजा करायचा असतो, आणि तो दरवेळी सारखा नसतो. रिकाम्या बाकांवर अकराजणी येऊन बसल्या तर कॉलेजचा खर्च फारसा वाढत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजीची किंवा गणिताची नवी तुकडी उघडावी लागली तर मात्र वाढतो. म्हणून रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून त्या मुलींनी घेतलेल्या तुकड्यांची पटसंख्या मागव. क्रीडा विभाग हे करत नाही आणि लेखा विभागाला ते सुचत नाही, पण निम्मे उत्तर त्या एका तक्त्यात असते.

यादी किती जणींची आहे, यापेक्षा ती सत्राच्या शेवटी किती जणींची उरते, हे अधिक महत्त्वाचे आहे. अनुदानासाठी मोजणी ज्या तारखेला होते, त्या तारखेपर्यंत नाव ठेवायचे आणि नंतर अभ्यासक्रम सोडून द्यायचा, असे काही संघांत वर्षानुवर्षे चाललेले असते. यादी फुगवण्याचा मोह कोचना होतो, कारण संघ टिकवण्याचे तेच साधन त्यांना दिसते. पण एकही सामना न खेळता, अर्धे क्रेडिट नापास होऊन घरी परतलेल्या मुलीने पेल ग्रँटचा, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना संघराज्याकडून मिळणाऱ्या मदतीचा, आपला वाटा खर्च केलेला असतो, आणि तो परत मिळत नाही. तिला कॉलेजचे उत्पन्न म्हणून मोजणे मला मान्य नाही. किती मुलींनी पदवी घेतली आणि किती जणी चार वर्षांच्या विद्यापीठात गेल्या, हे आकडे खर्चाच्या शेजारच्या स्तंभातच मांड.

शिष्यवृत्तीचा प्रश्न तुमच्या संघाच्या विभागावर अवलंबून आहे. 1938 साली स्थापन झालेल्या नॅशनल ज्युनियर कॉलेज अॅथलेटिक असोसिएशनचे तीन विभाग आहेत. पहिल्यात राहण्या-जेवणासह पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, दुसऱ्यात ट्यूशन, शुल्क आणि पुस्तकांपुरती, आणि तिसऱ्यात खेळासाठी काहीच देता येत नाही. कॅलिफोर्नियाची कॉलेजे या संघटनेबाहेर आहेत आणि तिथेही खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. एक बारकावा लक्षात ठेव: कॉलेजने स्वतःचीच ट्यूशन माफ केली, तर कागदावर दिसणारी पूर्ण रक्कम रोखीने बाहेर गेलेली नसते, वसतिगृहाच्या जेवणाचे बिल मात्र कुणाला तरी खरोखर भरावे लागते.

खर्चाची बाजू समजून घ्यायची असेल तर एखाद्या परगावच्या दौऱ्याची फाइल उघड. भाड्याची बस, ड्रायव्हरची खोली, मोटेलच्या सात-आठ खोल्या, प्रत्येकीच्या सहीने दिलेला जेवणभत्ता, आणि पावसाने सामना रद्द झाला तरी लागलेले बसचे भाडे, हे सारे त्यात सापडेल. इथे कपात करता येते: सामने जवळचे ठरवता येतात, आणि एकाच दिवशी दोन सामने खेळले तर एक मुक्काम वाचतो. जिथे कात्री लावता येणार नाही अशी बाब म्हणजे अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती आणि प्रकृती सांभाळणारा माणूस. ऑगस्ट 2018 मध्ये कॅन्ससच्या गार्डन सिटी कम्युनिटी कॉलेजमध्ये (अमेरिकन) फुटबॉलच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी उष्माघाताने एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा जीव गेला, आणि पुढे झालेल्या स्वतंत्र चौकशीत कॉलेजच्या त्रुटींवर कठोर ताशेरे ओढले गेले. ट्रेनरचे पद अर्धवेळ करण्याची सूचना तुझ्यासमोर आली, तर ती मान्य करू नकोस आणि आपला विरोध लेखी नोंदव.

सॉफ्टबॉल हा स्त्रियांचा संघ आहे, त्यामुळे 1972 च्या टायटल नाइनचा, म्हणजे शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याचा, विचार आकडेमोडीच्या आधी करायला हवा. कम्युनिटी कॉलेजांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून जास्त असते, पण खेळाडूंत बहुधा पुरुष अधिक असतात. हे प्रमाण जुळत नसेल, तर संधी सातत्याने वाढवत आणल्या आहेत किंवा असलेली आवड पूर्णपणे भागवली आहे, यांपैकी एक तरी कॉलेजला दाखवावे लागते. खेळायला मुली तयार असताना चालता संघ बंद केला, तर या दोन्ही बाजू लंगड्या पडतात. बेसबॉलच्या बूस्टर क्लबने (देणगीदार चाहत्यांच्या मंडळाने) दिलेल्या पैशांतून मुलांना नवे डगआउट, म्हणजे मैदानाकडेचा बसायचा निवारा, मिळाले, तरी मुलींना तशीच सोय देण्याची जबाबदारी कॉलेजचीच राहते. पैसे बाहेरून आले, हा बचाव चालत नाही.

दरवर्षी 15 ऑक्टोबरपर्यंत खुला करायचा आणि संघराज्याच्या शिक्षण खात्यालाही पाठवायचा क्रीडा-समतेचा अहवाल सर्वांना खुला असतो. शेजारच्या कॉलेजांशी तुलना करायला तो जरूर वाच, पण त्यातल्या उत्पन्नाच्या आकड्यावर विसंबू नकोस. अनेक कॉलेजांचे उत्पन्न आणि खर्च तिथे डॉलरपर्यंत जुळलेले दिसतात, कारण कॉलेजने स्वतःच्या खिशातून घातलेली रक्कमही उत्पन्न म्हणूनच दाखवली जाते.

इतके करूनही संघ परवडत नाही, असे उत्तर निघू शकते, आणि तसे निघाले तर ते स्पष्ट सांग. अॅरिझोनात राज्याने 2015 साली मेरिकोपा कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याचे (अनेक कॉलेजे चालवणाऱ्या संस्थेचे) अनुदान शून्यावर आणले. फेब्रुवारी 2018 मध्ये त्या जिल्ह्याने फिनिक्स, मेसा, ग्लेनडेल आणि स्कॉट्सडेल येथील चारही फुटबॉल संघ बंद करण्याचे जाहीर केले. क्रीडा अंदाजपत्रकाचा सुमारे पाचवा हिस्सा आणि विम्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग एकटा फुटबॉल घेतो, असे कारण देण्यात आले. त्या निर्णयाला जोरदार विरोध झाला, कारण आसपासच्या शाळांतून येणाऱ्या मुलांची ती एक वाट होती. निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात, परंतु शरद ऋतूतला एक शेवटचा हंगाम देऊन तो आधी जाहीर झाला, ही गोष्ट मला योग्य वाटते.

तुझ्या अहवालात म्हणूनच एक परिच्छेद तारखांचा असू दे. कोच पुढच्या वर्षीच्या मुलींना शब्द कधी देतात, दुसऱ्या कॉलेजात प्रवेशाची मुदत कधी संपते आणि तुमच्या कॉलेजचे नियामक मंडळ अंदाजपत्रकावर मत कधी देते, या तिन्ही तारखा शेजारी शेजारी लिही. मंडळाचे मतदान जूनमध्ये असेल, तर संघाविषयीचा ठराव जानेवारीतच मांडायला डीनबाईंना सांग, म्हणजे ज्या मुलींना जावे लागेल त्यांना दुसरीकडे जागा शोधायला वेळ मिळेल. मसुदा तयार झाला की पाठव. तुकड्यांच्या पटसंख्येचा तक्ता सोबत जोड.

कळावे.

तुझा काका