मीटरपासून डीबीपर्यंतची केबल: आधी मीटरकडचा फ्यूज कोणता ते विचारा
आपण लिहिले आहे की मीटर फाटकाजवळ आहे, घरातील डीबी (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे जिथून घरातील सर्किटे निघतात ती पेटी) तिथून 40 मीटरवर येणार आहे, सगळे मिळून भार एका वेळी 45 अँपिअरपर्यंत जाईल, आणि वायरमनच्या मते तांब्याची 6 चौरस मिमी केबल सहज चालेल. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर फार महागात पडले, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. मी परवानाधारक विद्युत कंत्राटदार नाही. पुढील आकडे 230 व्होल्ट सिंगल फेजसाठी आहेत आणि अंतिम निवड आपल्याकडील नियम जाणणाऱ्या परवानाधारकाकडून तपासून घ्यावी, हे आधीच स्पष्ट करतो.

6 चौरस मिमी या लांबीला पुरणार नाही. तांबे तापल्यावर त्याचा रोध वाढतो हे धरून जाण्या-येण्याच्या मिळून 80 मीटर तारेचा हिशेब केला, तर 45 अँपिअरला सुमारे 13 व्होल्ट वाटेतच गळतात, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून अधिक. त्याच वेळी जवळजवळ 600 वॉट उष्णता केबलमध्ये निर्माण होत असते. 10 चौरस मिमीला ही घट 8 व्होल्टच्या आसपास येते आणि 16 चौरस मिमीला 5 व्होल्टच्या. आयईसी 60364 या मानकाची शिफारस दिव्यांसाठी 3 टक्के आणि इतर उपकरणांसाठी 5 टक्के अशी आहे, आणि ती शेवटच्या दिव्यापर्यंतच्या एकूण घटीसाठी आहे. घरातल्या वायरिंगलाही त्यातलाच वाटा द्यायचा असल्यामुळे माझे मत 16 चौरस मिमीच्या बाजूने आहे.

मात्र आमचे खरे नुकसान व्होल्टेजच्या घटीने झाले नाही. केबलचे रक्षण तिच्या सुरुवातीला बसवलेला फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) करतो. डीबीतील एमसीबी त्यांच्या पुढच्या सर्किटांचे रक्षण करतात, आणि डीबीचा मेन स्विच बहुतेक वेळा नुसता आयसोलेटर असतो, म्हणजे हाताने बंद केल्याशिवाय तो बंद होत नाही. त्यामुळे मीटरच्या अलीकडच्या, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूच्या, कटआउटमध्ये (फ्यूजच्या पेटीत) किती अँपिअरचा फ्यूज आहे, एवढी एकच माहिती आम्हाला हवी होती. ती पेटी सीलबंद असते आणि सील तोडण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, म्हणून वीजपुरवठा करणाऱ्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला. ‘फ्यूज मंजूर भाराप्रमाणेच असतो, काळजी करू नका’ असे तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितल्यावर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला आणि उत्तर कधीच आले नाही. त्या तोंडी शब्दावर विसंबून वायरमनने 10 चौरस मिमी केबल पाइपमधून टाकली.

पुढे घरातील उपकरणे वाढली. मीटर बदलण्यासाठी त्याच कार्यालयाचे कर्मचारी आले आणि त्यांनी पेटी उघडली, तेव्हा आत 100 अँपिअरचा फ्यूज निघाला. या आकाराचा सर्वसाधारण वापराचा, म्हणजे जीजी (gG) प्रकारचा फ्यूज 125 अँपिअरपर्यंतचा प्रवाह दोन तास सोसूनही वितळत नाही, आणि पाइपमधली आमची केबल 60 अँपिअरसुद्धा सतत सोसण्याजोगी नव्हती. मेन स्विचमधून केबलचे टोक सोडवले तर पीव्हीसीचे आवरण कडक होऊन तपकिरी पडले होते, जरा वाकवताच त्याला तडे गेले आणि आतले तांबे काळवंडलेले दिसले. पूर्ण केबल काढून नवी टाकावी लागली आणि त्यासाठी तयार फरशी फोडावी लागली. ज्या कार्यालयाने सील लावले, त्यालाच आतला आकडा ठाऊक असतो. तो मीटरच्या पेटीवर ठळक लिहिण्यात कोणती अडचण आहे, हे मला आजही समजलेले नाही. ग्राहकाच्या सुरक्षिततेची माहिती ग्राहकालाच न देणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून माझा आग्रह असा की कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. अर्ज अवश्य द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, पण मीटरच्या लगेच पुढे, आपल्या हद्दीत, स्वतःचे स्विच-फ्यूज युनिट किंवा योग्य क्षमतेचा एमसीबी बसवावा. मग कटआउटमध्ये कोणताही फ्यूज असला तरी आपली 40 मीटर केबल अतिभारापासून सुरक्षित राहते. आपल्या बाबतीत 50 अँपिअरचा फ्यूज साधारण जुळेल. भाराचा प्रवाह फ्यूजपेक्षा जास्त नसावा आणि फ्यूजचा आकडा केबलच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा जास्त नसावा, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये.

‘प्रत्यक्ष’ हा शब्द मुद्दाम वापरला. तक्त्यातील क्षमता बहुधा हवेतील 30 अंश तापमानासाठी दिलेली असते. पीव्हीसी केबलसाठी 40 अंशांना ती 0.87 पट आणि 50 अंशांना 0.71 पट धरतात. केबल अर्ध्या मीटरहून अधिक अंतर उष्णतारोधक थरात पूर्ण गुरफटलेली असेल, तर क्षमता निम्मीच उरते. आपण लिहिल्याप्रमाणे शेवटचे काही मीटर छताखालच्या अशाच थरातून जाणार आहेत. बाकीची केबल जमिनीखाली कितीही थंड राहिली तरी निवड त्या तुकड्यावरून होईल, त्यामुळे शक्य असल्यास मार्ग बदलणेच इष्ट. एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची) केबल 90 अंशांपर्यंत चालते हे खरे, पण स्विचचे टर्मिनल बहुधा 70 अंशांसाठी बनवलेले असतात, म्हणून केवळ त्या आधारावर लहान आकार घेऊ नये.

खरेदी करताना केबलचे कापलेले टोक पाहावे. सात गोल तारांची 10 चौरस मिमी केबल असेल तर प्रत्येक तारेचा व्यास सुमारे 1.35 मिमी भरतो आणि 16 चौरस मिमीला 1.70 मिमी. दाबून बसवलेल्या तारांना हे मोजमाप लागू पडत नाही. अ‍ॅल्युमिनियम घेणार असाल तर एक आकार वरचा घ्यावा आणि तांब्याच्या टर्मिनलसाठी दोन धातूंचे लग (तारेच्या टोकाला बसवायचे जोड) वापरावेत. मी स्वतः घरासाठी तांबेच सुचवीन.

अर्थिंगची तार तांब्याचीच घेणार असाल तर 16 चौरस मिमीपर्यंत ती फेजच्याच आकाराची ठेवावी. आर्मर्ड केबलचे आर्मर (बाहेरचे धातूचे कवच) अर्थिंगला पुरेल असे वायरमनने सांगितले, तर त्याचा हिशेब मागावा आणि काम पूर्ण झाल्यावर अर्थ फॉल्ट लूपचा (बिघाडाचा प्रवाह अर्थिंगमधून परत जातो त्या पूर्ण मार्गाचा) रोध मोजून तो आकडा लेखी घ्यावा.