एमएस्सी केमिस्ट्रीला टर्म सिम्बॉल (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची नावं) आणि टानाबे-सुगानो (त्या पातळ्या फील्डनुसार कशा सरकतात त्याच्या आकृत्या) वाचून कळतात, पण गणित आलं की अडतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीहून ठाण्याच्या कॉलेजात जाता, सेमिस्टर आणि नेट परीक्षा दोन्ही एकदम करायचंय, आणि तिन्ही धडे वाचून झालेत. माझ्या मते घोळ तिथेच आहे. टर्म सिम्बॉल, क्रिस्टल फील्ड (भोवतालच्या रेणूंमुळे धातूच्या डी-पातळ्या कशा फुटतात) आणि स्पेक्ट्रम वेगवेगळे वाचू नका. एकच आयन धरा आणि शेवटपर्यंत न्या. पाण्यातला निकेल(२) घ्या. कॉलेजच्या कपाटात तो असतोच, आणि ऑक्टाहेड्रल (सहा शेजारी) डी-८ (आठ डी-इलेक्ट्रॉन) मध्ये हाय-स्पिन, लो-स्पिनची (इलेक्ट्रॉन सुटे की जोडीने) कटकट नाही.

आधी कागद. डी-८ म्हणजे दोन होल (रिकाम्या जागा), म्हणून टर्म डी-२ च्याच. दहा जागांत दोन, म्हणजे ४५ मायक्रोस्टेट (मांडण्या): ट्रिप्लेट एफ २१, ट्रिप्लेट पी ९, सिंग्लेट जी ९, सिंग्लेट डी ५, सिंग्लेट एस १. बेरीज ४५ आली नाही तर पुढे जाऊ नका. फील्डमध्ये ट्रिप्लेट एफचे तीन तुकडे होतात. डी-२ मध्ये टी-१जी तळाशी असतो, डी-८ मध्ये क्रम उलटतो आणि ए-२जी तळाशी येतो. बहुतेक मुलं नेमकी इथे घसरतात, कारण टर्म सारख्या म्हणून क्रमही सारखा धरतात. ए-२जीवरून तीन ट्रिप्लेटकडे उड्या (एफचे उरलेले दोन आणि पीचा एक), म्हणून तीन बँड.

आता लॅब. निकेल सल्फेट हेक्साहायड्रेट १.३१ ग्रॅम, ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये: ०.१ मोलर. हातमोजे घाला, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. सवयीने ०.०१ मोलर करू नका. हे बँड लापोर्ट-निषिद्ध (केंद्र-सममितीमुळे मनाई, म्हणून फिके) आहेत, ३९५ नॅनोमीटरला मोलर शोषकता जेमतेम ५, त्यामुळे ०.१ मोलरलाही शोषण ०.५ च्या आसपासच येतं. बाटलीवर हेक्सा आहे की हेप्टा ते बघा. हेप्टाचा रेणूभार २८१, हेक्साचा २६३. चुकलात तर मोलर शोषकता सहा-सात टक्क्यांनी कमी दिसेल, पीकची जागा मात्र हलणार नाही. काचेचा क्युवेट (नमुन्याची छोटी कुपी) चालतो, ३५० च्या खाली जायचं नाहीये.

ग्राफवर ३९५ ला स्वच्छ पीक दिसेल. लाल भागात मात्र ७२५ आणि ६५५ च्या आसपास अशी जोडी दिसते. त्यातलं ६५५ चं स्वतंत्र ट्रिप्लेट बँड नाही. स्पिन-ऑर्बिट कपलिंगमुळे सिंग्लेट ई-जी मिसळतो. पहिला बँड साधारण ११७६ ला, आणि कॉलेजातलं नेहमीचं यंत्र ११०० ला थांबतं. म्हणजे तीनपैकी दोनच हातात.

तरी गणित सुटतं. आधी नॅनोमीटरचे प्रति सेंटीमीटर करा (एक कोटी भागिले तरंगलांबी). नॅनोमीटरमध्ये बेरीज-वजाबाकी केलीत की सगळं वाया. दुसरा १३८००, तिसरा २५३००. डेल्टा म्हणजे फील्डने पाडलेलं अंतर, बी म्हणजे इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाचं माप. दुसऱ्या-तिसऱ्या बँडसाठी सूत्रं दोन: बेरीज = ३ डेल्टा + १५ बी, गुणाकार = २ डेल्टा वर्ग + २७ डेल्टा बी. बेरजेतून बी काढून गुणाकारात घाला, वर्गसमीकरण येतं. डेल्टाची उत्तरं ८२४० आणि १२४५५ च्या आसपास. दुसऱ्याने बी जेमतेम ११६ येतो. मुक्त निकेल(२) आयनचा बी हजाराच्या वर असतो, तेव्हा ते सरळ टाका. ८२४० ने बी ९५८ येतो. पहिला बँड डेल्टाइतकाच यायला हवा, प्रत्यक्ष मोजलेला ८५०० आहे. इतका फरक या मॉडेलमध्ये चालायचाच. डेल्टा भागिले बी साधारण ८.६. आता टानाबे-सुगानो उघडा, आडव्या अक्षावर ८.६ ला पट्टी उभी धरा आणि तिन्ही रेषा कुठे छेदतात ते वाचा. आकृतीत ऊर्जाही बीने भागलेली असते, हे विसरून थेट ८५०० शोधत बसणारे कमी नाहीत.

हे जमलं की कोबाल्ट(२) घ्या. पाण्यातला गुलाबी ऑक्टाहेड्रल निकेलसारखाच ०.१ मोलर चालतो. संहत हायड्रोक्लोरिक आम्लातला निळा टेट्राक्लोरो टेट्राहेड्रल आहे, त्यात केंद्र-सममिती नाही, ६९० च्या आसपास शोषकता ५०० च्या वर जाते. त्याला ०.००१ मोलर पुरे, आणि हे काम फ्यूम हूडमध्येच.