चेकची मुदत, नॉमिनी भाऊ, हक्कसोडपत्र आणि अडकलेलं डिपॉझिट

ताई, तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. वडील गेल्यावर भाऊ म्हणतो की बँकेत नॉमिनी मी आहे, तेव्हा पैसे माझे. शिवाय शेताच्या हक्कसोडपत्रावर तू सही करून टाक. तुमच्या यजमानांनी मित्राला अडीच लाख हातउसने दिले, त्याला आता तीन वर्षं होत आली. त्यातले चाळीस हजार त्याने यूपीआयने परत केले आणि अलीकडे दिलेला पूर्ण रकमेचा चेक मात्र वटला नाही. तिसरं, सोडलेल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट मालक देत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आमची बाजू खरी आहे ना?"

बाजू खरी आहे. पण मी दिवाणी वकिली करते आणि कोर्टात सतत हेच बघते की खऱ्या बाजूची माणसं एखादी मुदत हुकल्यामुळे किंवा न वाचता केलेल्या सहीमुळे हरतात. म्हणून तुमच्या क्रमाने न जाता, ज्याची घाई जास्त ते आधी घेते. घाई चेकची आहे.

चेक परत आला तेव्हा बँकेने एक छोटा कागद दिला असेल, रिटर्न मेमो. तो फेकला नसेल तर आत्ता काढून ठेवा. चेक न वटल्याची खबर बँकेकडून मिळाली त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मित्राला लेखी मागणीची नोटीस गेली पाहिजे. नोटीस त्याच्या हातात पडल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात चेकबद्दलच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार दाखल करायची. उदाहरणार्थ, मेमो ६ मार्चला मिळाला असेल तर नोटीस ५ एप्रिलपर्यंत निघायला हवी. ती १० एप्रिलला पोचली तर २५ एप्रिलपर्यंत त्याची मुदत, आणि २६ एप्रिलपासून तुमचा महिना सुरू. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते, पण नोटिशीचे ३० दिवस हुकले तर माफी नाही. अशा वेळी एकच वाट उरते: चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा बँकेत भरायचा. पुन्हा परत आला की नव्या मेमोपासून नवे ३० दिवस.

आता त्या चाळीस हजारांकडे नीट बघा, कारण तुमची केस तिथेच अडू शकते. चेक अडीच लाखांचा, पण चाळीस हजार तो बँकेत भरण्याआधी आले असतील तर त्या दिवशी मित्राचं देणं उरलं होतं दोन लाख दहा हजार. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मधल्या काळात काही रक्कम परत आली असेल आणि तशी नोंद चेकवर न करता पूर्ण रकमेचा चेक भरला, तर कलम १३८ लागू होत नाही. म्हणून यूपीआयची तारीख आणि चेक भरल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून काढा. चाळीस हजार चेक भरल्यानंतर आले असतील तर ही अडचण नाही, आधी आले असतील तर आहे. तसं असेल आणि मित्र अजून बोलत असेल, तर त्याच्याकडून दोन लाख दहा हजारांचा नवा चेक घ्या. सगळ्यात स्वच्छ मार्ग तो आहे. नाहीतर चेकच्या मुदतीत, त्यावर परत आलेल्या रकमेची नोंद करून उरलेल्या रकमेसाठी तो भरता येतो. नोटिशीतही चेकची रक्कम आणि व्याज, खर्च असे बाकीचे आकडे एकत्र कालवू नका. चेकची रक्कम स्वतंत्र, ठळक मागा. आकडा जुळला नाही म्हणून नोटिसा रद्द ठरलेल्या आहेत.

कलम १३८ ची वाट बंद झाली तरी साधा वसुलीचा दावा करता येतो. तिथे दुसरी मुदत लागते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे हातउसन्या पैशांसाठी तीन वर्षं मिळतात, आणि परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर ती पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. बहुतेकांना वाटतं की आपण मागायला गेलो तेव्हापासून मोजायचं. तसं नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही ही मुदत वाढत नाही, फोनवर "देतो, देतो" म्हटल्यानेही नाही. ती नव्याने सुरू होते ती मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने सही करून देणं कबूल केलं तर. दोन ओळींची चिठ्ठी पुरते: अमुक तारखेला घेतलेल्या रकमेपैकी दोन लाख दहा हजार मी देणं आहे, खाली सही आणि तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून जपा, ज्या फोनवर आलेत तो फोनही जपा, पण त्यांना सहीची कबुली धरायचं की नाही यावर कोर्टात वाद होतो. सही मिळत असेल तर सहीच घ्या. तीन वर्षं होत आली म्हणताय, तर हे याच आठवड्यात करा.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही याचा तुम्हाला राग आलाय. फसवणुकीच्या गुन्ह्याला पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दिसावं लागतं. नुसतं परत न देणं हा दिवाणी वाद. इथे ते चुकले नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका.

आता भाऊ.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज इतका पक्का बसलाय की शिकलेली माणसंही त्यावर भांडतात. नॉमिनी म्हणजे बँकेने कोणाच्या हातात पैसे द्यायचे तो माणूस. बँक त्याला देऊन मोकळी होते. त्याने मात्र ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये. विम्याच्या कायद्यात २०१५ मध्ये बदल झाला आणि आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना जास्त हक्क मिळाला, त्यामुळे पॉलिसी असेल तर ती वकिलाला वेगळी दाखवा. बँकेतल्या ठेवींसाठी, मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचा वाटा सारखा. आजीला बहुतेक घरांत विसरतात. तुमची आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघेच असाल तर प्रत्येकी एक तृतीयांश.

भावाने पैसे अजून काढले नसतील तर बँकेला वारस म्हणून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नॉमिनी असताना बँक तेवढ्यावर थांबेलच असं नाही. कोर्टाचा मनाई हुकूम आला तर थांबावंच लागतं. ठेवी आणि शेअर्ससाठी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र निघतं. आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखलाही मिळतो. तलाठ्याकडची वारस नोंद ही तिसरीच गोष्ट. लोक तिन्ही एकच समजतात आणि चुकीच्या खिडकीवर महिने घालवतात.

हक्कसोडपत्राबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. जमीन वडिलोपार्जित असो की वडिलांनी घेतलेली, मृत्युपत्र नसेल तर मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, ठरली ती ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलं. "तुझ्या लग्नात खर्च केला" याने वाटा कमी होत नाही. तुम्हाला मनापासून भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा देऊन नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर मागे घेता येत नाही. फसवून सही घेतली असं म्हणायचं तर दिवाणी दावा लावून ते तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. "नंतर तुला पाच लाख देतो" असं तोंडी ठरलं असेल तर तो आकडा आणि तो कसा दिला हे दस्तातच यायला हवं. दस्तात "विनामोबदला" लिहिलेलं असेल तर नंतर पाच लाखांचं नाव काढायला जागाच उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहिणी या एका शब्दावर अडकलेल्या असतात, आणि बहुतेकींनी दस्त वाचलेला नसतो. तुम्ही मसुदा आधी घरी मागवा, दोन दिवस ठेवून घ्या, परक्या वकिलाकडून वाचून घ्या. "आज निबंधकाकडे नंबर आहे, चल" असं कोणी म्हटलं तर त्या दिवशी जाऊ नका.

घरी स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडाने जमिनीतला हक्क जात नाही, नोंदणी लागतेच. तरीही तसल्या कागदावर सही नको, पुढची भांडणं त्याच्यावरच उभी राहतात.

मधल्या काळात सातबारा ऑनलाइन काढून बघा. वारस नोंद होताना तलाठ्याकडून नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्या. मग नोंद तक्रारी रजिस्टरला जाते आणि महसूल अधिकारी दोन्ही बाजू ऐकतात. नोंद मंजूर झाली असेल तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील. तुमचं नाव भावासोबत कब्जेदारांत आहे की "इतर हक्कां"त ढकललंय, तेही बघा. मुलींची नावं वर्षानुवर्षं त्या रकान्यात टाकली गेली आहेत. आणि नाव मुळीच नसलं तरी घाबरू नका, फेरफार महसुलासाठी असतो, मालकी त्याने येत किंवा जात नाही.

डिपॉझिटचं थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला असण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नोंदला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. तेव्हा करार नोंदला नाही म्हणून तुम्ही कमजोर आहात असं समजू नका. तुम्ही किल्ली दिली ते बरं केलंत. डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसणाऱ्यांवर मुदतीनंतर दुप्पट दराची मागणी येते. किल्ली दिल्याचा मेसेज, रिकाम्या घराचे फोटो, शेवटचं वीजबिल आणि डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद एकत्र लावून मालकाला लेखी हिशोब मागा. रंगकामाचे पैसे कापले म्हणाला तर बिल मागा.

वकिलाच्या फीबद्दल तुम्ही शेवटी संकोचून लिहिलंय. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. भावाचं प्रकरण तुमच्या नावाने तिथे द्या. डिपॉझिटचं प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा, तिथे कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर त्यावर अपील नसतं, म्हणून आकडा ठरवूनच जा. चेकचं मात्र या रांगेत ठेवू नका. मेमो, चेकची झेरॉक्स आणि यूपीआयचा उतारा घेऊन यजमानांना उद्याच वकिलाकडे पाठवा.